भास्कर कुलकर्णी आणि जिव्या सोमा म्हसे : वारली चौक कागदावर कसा आला

१/
बोईसरहून उत्तरेकडे जाणारी गाडी वाणगाव ओलांडून डहाणू रोडला पोहोचते. बोईसरलगतचे बेटेगाव, तारापूरची औद्योगिक वसाहत, पालघर शहर या साऱ्या पट्ट्यात शाळांच्या, कार्यालयांच्या, गृहसंकुलांच्या भिंतींवर गेरूच्या रंगावरचा पांढरा फेर आज सहज दिसतो. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर एक ठिपका, काडीसारखे हातपाय. साडीवर, पिशवीवर, चहाच्या कपावरही तोच फेर आहे. ही आकृती घराच्या आतल्या भिंतीवरून जगाच्या बाजारात आली ती गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत. त्या प्रवासाच्या प्रारंभी दोन माणसांचा स्नेह आहे.

२/
एक मुंबईचा शिकलेला चित्रकार, भास्कर कुलकर्णी. दुसरा डहाणू तालुक्यातील गंजाडच्या कळंबीपाड्यावर राहणारा वारली शेतकरी, जिव्या सोमा म्हसे. पहिल्याने आधुनिक चित्रकलेची परिभाषा पचवली होती. दुसऱ्याचा त्या परिभाषेशी संबंध आला नव्हता. तरीही चित्र कशाला म्हणावे, ते कोणी काढावे आणि कधी काढावे, या तीन प्रश्नांवर या दोघांनी मिळून एक नवे उत्तर दिले. त्या उत्तराची किंमत कोणी चुकती केली, हाही या कथेचा भाग आहे.

३/
प्रथम त्या भिंतीकडे पाहू. कारवीच्या काड्यांचा कूड, त्यावर माती आणि शेणाचा लेप, वर गेरू. तांदळाचे पीठ पाण्यात कालवून केलेला पांढरा रंग. बांबूची काडी चावून तिचे टोक कुंच्यासारखे मऊ करायचे आणि त्याने रेघ ओढायची. साधने एवढीच. वारली लग्नात घरातील भिंतीवर या साधनांनी जी चौकट उभी राहते, ती म्हणजे लग्नचौक.

४/
चौकाच्या मधोमध पालघट देवी असते. ती वनस्पतींची, पिकाची, प्रजननाची देवता. भोवती नक्षीच्या पट्ट्या, झाडे, प्राणी, माणसे, सूर्य आणि चंद्र. शेजारच्या लहान देवचौकात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव. चौक काढण्याचा मान सवासिनींचा. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी वारली स्त्री, गाणी म्हणत विधी चालवते आणि तिच्या गाण्यांतून देव लग्नघरी येतात. चौकाशिवाय लग्न लागत नाही. चित्र, गाणे आणि विधी यांची येथे फारकत झालेली नाही.

५/
वारली भाषेत चौक ‘काढत’ नाहीत, ‘लिहितात’. हा शब्द ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ज्या समाजाला शाळेची पाटी फार उशिरा दिसली, त्या समाजातल्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर काहीतरी लिहीत होत्या. त्या लिखाणाखाली सही नसे, कारण लिहिणारी एकटी नसे आणि लिहिलेले विकायचे नसे. लग्न झाले की चौकाचे काम संपले. पुढे धूर आणि पावसाळा त्याला हळूहळू पुसून टाकत.

६/
मात्र हे जग कोणतेही सुखचित्र नव्हते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डहाणू, तलासरी, उंबरगाव या भागातील वारल्यांच्या बहुतेक जमिनी जमीनदार-सावकारांच्या ताब्यात गेल्या होत्या. वेठबिगार रूढ होती. लग्नाच्या खर्चासाठी सावकाराकडून थोडे कर्ज घेतले की तो तरुण बायकोसह त्या मालकाच्या घरचा गडी होई. या पद्धतीला ‘लग्नगडी’ असे नाव होते. ज्या लग्नासाठी भिंतीवर चौक लिहिला जाई, तेच लग्न अनेकांना गुलामगिरीच्या दारात नेऊन सोडी.

७/
१९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठीला नकार दिला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. गोदावरीबाईंनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा लढा नोंदवला. त्या ग्रंथाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वारली माणूस मराठी वाचकाला प्रथम भेटला तो या लढ्यातून. चित्रकार म्हणून त्याची ओळख व्हायची होती.

८/
जिव्या सोमा म्हसे यांचे बालपण याच काळातले. जन्म १९३४ चा मानला जातो, गाव तलासरी तालुक्यातील धामणगाव. सातव्या वर्षी आई गेली. त्या धक्क्याने मुलाची वाचा बसली आणि काही वर्षे तो धुळीत रेघा ओढून आपले म्हणणे सांगत राहिला, अशी हकीकत त्यांच्याविषयी सर्वत्र सांगितली जाते. अकराव्या वर्षी ते गंजाडला आले आणि आयुष्यभर तेथेच राहिले. बोलण्याच्या आधी रेघ आली, या एका तपशिलात त्यांच्या चित्रांचा स्वभाव बराचसा सामावलेला आहे.

९/
प्रौढपणी जिव्यांनी एक अनपेक्षित गोष्ट केली. लग्न नसताना, विधी नसताना, पुरुष असून ते चित्रे काढू लागले. शेतातली कामे, जंगल, मासेमारी, पाखरे, मुंग्या, तारप्याचा फेर जे दिसेल ते रेघेत येऊ लागले. चौकाच्या चौकटीत स्थिर बसलेली आकृती तेथून बाहेर पडली आणि हालू लागली. पाड्यावर हे विचित्रच वाटले असणार. या सवयीला ‘कला’ हे नाव त्या वेळी कोणी दिलेले नव्हते.

१०/
आता दुसऱ्या मित्राकडे वळू. स्वातंत्र्यानंतर पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने विणकर सेवा केंद्रे सुरू झाली. हातमागाला नवे नमुने मिळावेत म्हणून त्यांत आधुनिक चित्रकारांना नोकऱ्या देण्यात आल्या. प्रभाकर बरवे, अंबादास यांच्यासारखे चित्रकार या केंद्रांतून वावरले. भास्कर कुलकर्णी हेही याच वर्तुळातले. पॅरिस-न्यूयॉर्कच्या चर्चा आणि विणकराचा माग, दोन्ही त्यांच्या पिढीच्या हाताशी होते.

११/
१९६६-६७ मध्ये बिहारात भीषण दुष्काळ पडला. स्त्रियांना चार पैसे मिळावेत म्हणून मिथिलेतील भित्तिचित्रे कागदावर उतरवून घ्यायची, अशी योजना निघाली आणि त्या कामी कुलकर्णी यांना पाठवण्यात आले. मिथिलेतील कोहबराची, म्हणजे वधूवरांच्या खोलीतील चित्रे बाहेरच्या जगाला अगदीच अपरिचित नव्हती. १९३४ च्या भूकंपात घरे पडली तेव्हा डब्ल्यू. जी. आर्चर या इंग्रज अधिकाऱ्याने ती पाहिली, त्यांची छायाचित्रे घेतली आणि १९४९ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकात त्यांवर लेख लिहिला. मात्र चित्र काढणाऱ्या बाईच्या हाती कागद देण्याचे काम उरले होते.

१२/
कुलकर्णी गावोगाव हिंडले, तेथे राहिले, कागद वाटले. पुढे जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी ही नावे देशभर झाली. तिघींनाही यथावकाश पद्मश्री मिळाली. मिथिलेतही स्त्रिया चित्र ‘लिहितात’ असेच म्हणतात. तेथील अनुभवातून कुलकर्णी यांचे एक ठाम मत तयार झाले : खेड्यातील स्त्री केवळ परंपरा गिरवत नाही, तिच्या हाताला स्वतःचे वळण असते आणि ते वळण नावाने ओळखले गेले पाहिजे. त्यांनी हे मत ग्रंथ लिहून मांडले नाही. पुढचे काम हाच त्याचा पुरावा.

१३/
सत्तरीच्या दशकाच्या प्रारंभी ते वारली पाड्यांवर आले. हेतू मिथिलेतलाच : सवासिनींकडून कागदावर चौक लिहून घ्यायचे. सापडला मात्र एक पुरुष, जो विधीविनाही चित्रे काढत होता. सरकारी माणसाने येथे हिशेब मिटवला असता, कारण योजना स्त्रियांच्या पारंपरिक कलेची होती आणि जिव्या त्या व्याख्येत बसत नव्हते. कुलकर्णी यांनी व्याख्या बाजूला ठेवली. चित्रकाराने चित्रकार ओळखला.

१४/
येथून सुरू होते ती या दोघांची देवाणघेवाण. कुलकर्णी कागद आणीत. जिव्या त्यावर गेरूचा वा शेणाचा लेप देऊन भिंत तयार करीत आणि मग चित्र. कागद हे केवळ साधन नव्हते, तो एक प्रश्नही होता. भिंत घराबरोबर जाते, कागद घराबाहेर जातो. भिंतीवरचा चौक लग्नापुरता, कागदावरचा टिकणारा. भिंतीला चार कडा नसतात, कागदाला असतात. हे चित्र आपल्या जागेपासून, प्रसंगापासून वेगळे केले तरी जगेल का, असे तो कागद विचारत होता.

१५/
जिव्यांचे उत्तर त्यांच्या चित्रांतच आहे. मासेमारीच्या जाळ्याचे त्यांचे चित्र प्रसिद्ध आहे. कागदभर पसरलेले जाळे, हजारो बारीक रेघांचे, आणि त्याच्यापुढे नखाएवढी माणसे. तारप्याच्या फेरात मध्ये वादक, भोवती सर्पिलाकार माळ. वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, मेण आणि ताडाच्या पानांचा कर्णा यांनी बनलेला तारपा वाजू लागला की नाचणारे वादकाकडे पाठ न करता त्याच्याभोवती फिरतात. तो नियम चित्रात रचना होऊन उतरला. संगीत ऐकू न येताही लय दिसते.

१६/
ही रचना जिव्यांनी विधीकडून घेतली असली तरी ती विधीची नक्कल नाही. चौकात देवी मध्यभागी आणि सारे काही तिच्याभोवती. जिव्यांच्या कागदावर कित्येकदा केंद्रच नसते, सगळीकडे एकदम काहीतरी चाललेले असते. कोठे मुंग्यांची रांग, कोठे भातलावणी, कोठे भांडण. आधुनिक चित्रकार संपूर्ण पृष्ठभाग जिवंत ठेवण्यासाठी ज्या युक्त्या शोधत होते, त्यांतली एक येथे शेणाने सारवलेल्या कागदावर सहज वावरत होती. कुलकर्णी यांच्यासारख्या जाणत्याला त्यात काय दिसले असेल, ते समजणे कठीण नाही.

१७/
१९७५ मध्ये मुंबईच्या जहांगीर कलादालनातील गॅलरी केमोल्ड येथे जिव्यांची चित्रे मांडली गेली. याच दालनात हुसेन, गायतोंडे यांच्या पिढीची चित्रे लोकांनी पाहिली होती. आदिवासी वस्तू संग्रहालयात आणि आधुनिक चित्र कलादालनात, ही तोवरची वाटणी होती. जिव्यांचे चित्र थेट दुसऱ्या बाजूला लागले, चित्रकाराच्या नावासह. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

१८/
पुढची यादी मोठी आहे. १९८९ मध्ये पॅरिसला ‘मॅजिसियाँ द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात जगभरच्या कलावंतांबरोबर म्हसे होते. २००२ मध्ये शिल्पगुरू सन्मान, २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. या वैभवाच्या शेजारी एक बोचरी नोंदही आहे : राष्ट्रीय पुरस्काराच्या काळात त्यांना शेतजमिनीचे आश्वासन मिळाले होते आणि ती जमीन हाती येण्यास तीन दशकांहून अधिक काळ लागला. चित्रे समुद्रापार गेली. जमिनीचा कागद मात्र हलायला तयार नव्हता.

१९/
भास्कर कुलकर्णी यांनी यातले बरेचसे पाहिले नाही. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धातच त्यांचे निधन झाले. त्यांचे स्वतःचे चित्रकार म्हणून नाव आज फारसे घेतले जात नाही. मधुबनी आणि वारली या दोन चित्रपरंपरा भारतात सर्वांना ठाऊक आहेत, आणि दोन्हींच्या कागदापर्यंतच्या प्रवासात एकच मराठी माणूस उभा आहे, हे मात्र महाराष्ट्रातही थोड्यांना माहीत आहे.

२०/
या मैत्रीशी ताडून पाहावे असे एक उदाहरण मध्य प्रदेशात आहे. १९८१ च्या सुमारास भोपाळच्या भारत भवनासाठी चित्रे गोळा करताना चित्रकार ज. स्वामीनाथन यांच्या चमूला पाटणगढ गावी जनगढसिंह श्याम हा गोंड तरुण भेटला. स्वामीनाथन यांनी त्याला भोपाळला आणले. त्याने गोंड चित्रांची नवी शैलीच घडवली. २००१ मध्ये जपानमधील एका संग्रहालयात काम करीत असताना जनगढसिंहाने आपले आयुष्य संपवले. ‘शोधलेल्या’ कलावंताला नव्या जगात कोणी सोबत करायची, हा प्रश्न त्या मृत्यूने उघडा केला. म्हसे गंजाड सोडून गेले नाहीत. चित्र बाहेर गेले, चित्रकार घरीच राहिला.

२१/
आता हिशेबाची दुसरी बाजू. चौक सवासिनींचा होता. कागदावर तो आला तेव्हा पुढे आलेले पहिले मोठे नाव पुरुषाचे होते, आणि त्यानंतर वारली चित्रकलेत पुरुषांचीच गर्दी झाली. प्रवास, प्रदर्शन, व्यवहार, पैसा हे सारे घराबाहेरचे. तेथे पुरुषाला वाट मोकळी होती. मिथिलेत कागद स्त्रियांच्या हाती गेला आणि स्त्रिया नावारूपाला आल्या. डहाणूत तोच माणूस तोच कागद घेऊन आला आणि निष्पत्ती निराळी झाली. पालघट लिहिणाऱ्या जुन्या हातांपैकी किती हातांची नावे आज सांगता येतात?

२२/
यात जिव्यांचा दोष नाही, कुलकर्णी यांचाही नाही. एका अस्सल प्रतिभेला तिचे नाव मिळवून देणे हे थोर काम होते. परंतु ‘कलावंत’ या शब्दाबरोबर ‘एकटा’, ‘नामांकित’, ‘विक्रीयोग्य’ हे अर्थही आपोआप येतात. धवलेरीचे गाणे आणि सवासिनींचा चौक हे अर्थ ओळखत नाहीत. मित्राने मित्राला दिलेल्या शब्दात एका समूहाचा शब्द झाकला गेला. इतिहास लिहिताना या दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी ठेवाव्या लागतात.

२३/
बाजाराने तर पुढे व्यक्तीचेही नाव पुसले. आज कपावर, चादरीवर, जाहिरातीत जो फेर छापला जातो, त्याखाली ना सवासिनी असते, ना म्हसे. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले ते २०१४ मध्ये, आणि त्याच वर्षी १ ऑगस्टला ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. नाव राखण्याची धडपड समाजाला नव्याने करावी लागली. जे नाव भास्कर कुलकर्णी यांनी एका कागदाखाली आग्रहाने आणले, ते नकलांच्या पुरात पुन्हा हरवू लागले होते.

२४/
शेवटी आणखी एक भेट. २००३ मध्ये ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग, जे चालण्यातून, माती-दगडांतून कलाकृती घडवतात, वारली प्रदेशात म्हसे यांच्याकडे आले. दोघांत भाषा समान नव्हती. एकाच्या हाती चिखल आणि दगड, दुसऱ्याच्या हाती शेण आणि पांढरी रेघ. त्याच वर्षी जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात दोघांची कामे एकत्र मांडली गेली. प्रदर्शनाचे नाव ‘संवाद’ या अर्थाचेच होते. तीस वर्षांपूर्वी कळंबीपाड्यावर एका कागदाने जो संवाद सुरू झाला, त्याचेच हे दूरचे पाऊल.

२५/
जिव्या सोमा म्हसे १५ मे २०१८ रोजी वारले. त्यांचे पुत्र सदाशिव आणि बाळू यांनी चित्रकाम पुढे चालवले. गंजाडच्या आसपास आज अनेक घरांत चित्रे होतात, आणि त्यांत आता स्त्रियाही नावानिशी पुढे येत आहेत. लग्नात भिंतीवरचा चौकही लिहिला जातोच, विकायचा नसलेला, सही नसलेला.

२६/
बेटेगाव, बोईसर किंवा पालघरच्या एखाद्या भिंतीवर पुढच्या वेळी हा पांढरा फेर दिसेल तेव्हा त्यात तीन गोष्टी शोधाव्यात : धवलेरीच्या गाण्याबरोबर चौक लिहिणाऱ्या सवासिनी, तो चौक चालता-बोलता करणारे जिव्या, आणि त्यांच्यासमोर कोरा कागद ठेवून थांबलेले भास्कर. यांपैकी एक वगळला तरी वारली चित्राचा इतिहास अर्धवट राहतो.